दुकान टाकायचंय? आधी मंजूर नकाशा काढा

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की पुण्यात दुकान भाड्याने घेताना लोक डिपॉझिटवर तासभर घासाघीस करतात पण इमारतीचा मंजूर नकाशा, म्हणजे महापालिकेने पास केलेला, बघायला मागत नाहीत. त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी म्हणलं, या वेळचं पूर्ण सदर यावरच करा. निम्मी पत्रं "नोटीस आलीये, आता काय करू" अशी आहेत, म्हणजे वरातीमागून घोडं, पण असो. नावं देत नाही, कारण दोघातिघांनी स्वतःच लिहिलंय की शेजारी हे मासिक वाचतात. आधी पत्र, मग माझं उत्तर.

आम्ही कोथरूडला तळमजल्यावर राहतो. फ्लॅट स्वतःचा आहे. पुढच्या खोलीत पोळीभाजी केंद्र सुरू करायचा विचार आहे, मदतीला दोघीजणी ठेवेन. फूड लायसन्स काढलंय. पण सोसायटीतले एक काका म्हणतात रेसिडेन्शियल झोनमध्ये दुकान चालतच नाही. मग शेजारच्या गल्लीत चार दुकानं कशी?

ताई, काका अर्धे बरोबर आहेत आणि अर्धवट बरोबर असणारे काका सोसायटीत सगळ्यात त्रासदायक असतात.

रेसिडेन्शियल झोन म्हणजे एकच एक काही नसतं. आपल्याकडे मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ज्याला आम्ही सगळे युडीसीपीआर म्हणतो. त्यात रहिवासी झोनचे दोन प्रकार, आर-वन आणि आर-टू, आणि कोण कुठल्यात हे ठरतं तुमच्या प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. नकाशावर दोन्ही पिवळेच दिसतात म्हणून लोकांचा घोळ होतो. नऊ मीटरच्या आतला रस्ता असेल तर तुम्ही नक्की आर-वन, म्हणजे मुख्यतः राहण्यासाठी. मोठ्या रस्त्यावरचा प्लॉट आर-टू, तिथे दुकानं, ऑफिसं, हॉटेलं अशी लांबलचक यादी चालते. शेजारच्या गल्लीत चार दुकानं आहेत कारण ती बहुतेक गल्ली नाहीये, डीपी रस्ता आहे, म्हणजे विकास आराखड्यातला मोठा रस्ता.

आता तुमचा रस्ता. तुम्ही "लहान" एवढंच लिहिलंय. कोथरूडच्या जुन्या ले-आऊटमध्ये साडेसात मीटरचे रस्ते भरपूर आहेत, तेव्हा एका रविवारी सकाळी लवकर, गाड्या हलायच्या आधी, टेप घेऊन मोजा. कंपाऊंडच्या भिंतीपासून समोरच्या कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत, नुसता डांबराचा पट्टा नाही. मी एकदा असंच मोजत होते तर मधे एक आजोबा स्कूटर घेऊन थांबले आणि म्हणाले, वाढवून किती करणार? त्यांना वाटलं रस्तारुंदी आली. त्यांचंही चूक नाही, २०२० साली महापालिकेने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली आणला होता आणि तेव्हा पेठांपासून उपनगरांपर्यंत हाच एक विषय होता. टेपने मोजलेलं तुम्हाला अंदाज यायला, धरलं जातं ते ले-आऊटमधलं किंवा विकास आराखड्यातलं माप, म्हणून झोन दाखला आणि रस्त्याचा अभिप्राय महापालिकेतून घ्याच.

समजा आर-वन निघाला. तरी सगळं संपत नाही. घरातल्या माणसांनी, पगारी कामगार न ठेवता, घरात पूर्वापार चालत आलेले उद्योग केले तर ते चालतात, शिवण, भरतकाम वगैरे. डॉक्टर, वकील, सीए स्वतः तिथे राहात असतील तर छोटं क्लिनिक किंवा ऑफिस चालतं, पण ५० चौरस मीटरच्या आत आणि पेशंट दाखल करून न घेता. म्हणजे तुमची गाडी कुठे अडते बघा, पोळ्यांवर नाही, मदतीला ठेवलेल्या दोघीजणींवर. तुम्ही आणि सासूबाई मिळून डबे केलेत तर ते घरातलं काम म्हणून मांडता येईल, दोघी पगारी आल्या, खिडकीला काउंटर आला, बाहेर गिऱ्हाईक उभं राहिलं, की ते दुकान झालं. हा नियम मला व्यक्तिशः थोडा जुनाट वाटतो, कारण या शहरात डबे करून पोरांना शिकवलेल्या बायका दर वाड्यात होत्या आणि मदतीला कोणीतरी असायचंच, पण नियम आहे तो आहे.

फूड लायसन्स ही वेगळी गोष्ट. ते अन्नाच्या स्वच्छतेचं आहे, त्याने जागेचा वापर कायदेशीर होत नाही. शॉप ॲक्टचंही तसंच. लोक फाइलमध्ये पाच लायसन्स लावून ठेवतात आणि त्यात वापर बदलाची परवानगीच नसते. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा, त्यात विकास या शब्दाची व्याख्या एवढी रुंद आहे की विटेला हात न लावता नुसता वापर बदललात तरी तो विकास धरला जाऊ शकतो आणि त्याला परवानगी लागते.

आणि टॅक्सचं विसरू नका. स्वतः राहता म्हणून मिळकतकरात जी ४० टक्के सवलत आहे, ज्यासाठी सगळ्या पुण्याने पीटी-३ फॉर्म भरायला रांगा लावल्या, ती राहत्या घराला आहे. खोलीचा वापर बदलला की तेवढ्या भागाची आकारणी बदलते. सोसायटीची एनओसी लेखी घ्या, त्या काकांच्या सहीसकट.

कर्वे रोडला आमचं छोटं हॉटेल आहे. समोर आमच्याच जागेत पत्र्याची शेड टाकून सहा टेबलं लावली होती. अतिक्रमणवाले येऊन शेड पाडून गेले, पत्रेसुद्धा उचलून नेले. जागा आमची, टॅक्स आम्ही भरतो, फुटपाथवर एक इंच नाही. हा कुठला न्याय? आणि शेजारच्याची शेड अजून उभी आहे.

दादा, राग समजतो. पण तुम्ही ज्याला "आमची जागा" म्हणताय तिला नकाशात फ्रंट मार्जिन म्हणलेलं आहे. मालकी तुमची, पण ती मोकळी ठेवायच्या अटीवरच मागची इमारत मंजूर झाली. आग लागली तर बंब कुठून येणार, लोक बाहेर पडून कुठे उभे राहणार, गाड्या कुठे वळणार, या सगळ्याचा हिशोब त्या मोकळ्या पट्ट्यात धरलेला असतो. साइड मार्जिनचं तर अजूनच, तिथे लोक किचनची चिमणी, सिलेंडर, डीपफ्रीझर, भांडी घासायची मोरी असं सगळं सरकवतात, आणि आग लागायची सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या वस्तू नेमक्या आग विझवायच्या रस्त्यात जाऊन बसतात. एफसी रोड, जेएम रोड, कुठेही जरा बाजूने डोकावून बघा.

पावसाळ्यापुरती शेड वेगळी. ती तात्पुरत्या बांधकामात येते, परवानगी घेऊन ठरावीक मुदतीसाठी टाकता येते. पण आपल्याकडे जूनमध्ये ताडपत्री लागते, दिवाळीत तिच्या जागी पत्रा येतो आणि मार्चमध्ये खाली फरशी बसते, मग ती पावसाळी कशी म्हणायची.

शेजाऱ्याची शेड उभी आहे हे तुमच्या बाजूने कोर्टात उभं राहात नाही. दुसऱ्याचं बेकायदा आहे म्हणून माझंही चालू द्या, ही समानता कायदा देत नाही. नोटीस एमआरटीपीच्या कलम ५३ खाली आली होती का, तारीख काय, पंचनामा झाला का, ते कागद घेऊन एखाद्या वकिलाकडे जा, पत्रे परत मिळवण्यापुरता तरी उपयोग होईल. आणि परत शेड टाकू नका, कारण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये दंड तर आहेच पण एक महिना ते तीन वर्षं कैदही आहे, आणि महापालिका कायद्याच्या २६७-अ खाली बेकायदा बांधकामावर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे मूळ कर धरून तिप्पट. सहा टेबलांचा धंदा त्यात जातो.

इथे माझीच एक गोष्ट सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक छोट्या व्यापारी इमारतीचं काम होतं, खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे नुसत्या खांबांमधलं उघडं, वर ऑफिसं. भोगवटा पत्र हातात आल्यावर मालक म्हणाले, मॅडम, कोपऱ्यातल्या दोन गाळ्यांना फक्त शटर लावतो. मी शटर नकाशात रेखाटून दिलं नाही पण "नको" असंही ठणकावून म्हणाले नाही, गप्प बसले. चारेक वर्षांनी ते गाळे सील झाले तेव्हा मालकाचं फारसं काही गेलं नाही, एका गाळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं, त्या मुलाचं गेलं. कर्ज काढून मशीन घेतलं होतं आणि ते शटरच्या आत अडकलं. तो माझ्याकडे आला होता, मी नकाशा उघडून दाखवला. त्याच्या दुकानाच्या जागेवर २.५ बाय ५ मीटरचा चौकोन होता आणि आत कार ३, असं लिहिलेलं. बराच वेळ तो त्या चौकोनाकडे बघत होता. मग म्हणाला, हे मला भाड्याने घेताना कुणी दाखवलं असतं तर.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच विचारते. तुम्ही जिथे बसणार आहात त्या चौकोनात मंजूर नकाशात काय लिहिलंय? शॉप, ऑफिस, स्टोअर, पार्किंग, टेरेस? तिथे शॉप लिहिलं नसेल तर बाहेर कितीही सुंदर बोर्ड लावा.

पाच गुंठ्यांचा आमचा प्लॉट आहे, समोर १२ मीटर रस्ता. एक एजंट म्हणतो कमर्शिअलला तीन एफएसआय मिळेल, दुसरा म्हणतो चार. खरं काय?

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. दोघंही हवेत बोलतायत, पण दुसरा जरा जास्त हुशार आहे, कसं ते सांगते.

गावठाण किंवा दाट वस्तीचा भाग सोडून बाहेर असाल तर बेसिक एफएसआय १.१. त्यावर पैसे भरून प्रीमियम ०.५. त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, आणि तो रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. १२ ते १५ मीटरच्या रस्त्याला ०.६५, बेरीज झाली २.२५. तीन हा आकडा ३० मीटर आणि त्याच्या वरच्या रस्त्याला आहे. तुमचा एजंट तुम्हाला सातारा रोडचा भाव सांगतोय आणि प्लॉट गल्लीत आहे.

आता चार कुठून आला. युडीसीपीआरमध्ये ॲन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय आहे, पूर्वी जिने, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी वगैरे वेगवेगळे फ्री धरायचे ते बंद करून सगळं एकत्र पी-लाइनमध्ये, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या रेषेच्या आत, मोजतात आणि त्या बदल्यात प्रीमियम भरून निवासीला ६० टक्के आणि बिगरनिवासीला ८० टक्के जास्तीचा मिळतो. २.२५ गुणिले १.८ केलं की ४.०५. तर कागदावर तुमचे पाच गुंठे म्हणजे साधारण ५०५ चौरस मीटर, त्यावर दोन हजार चौरस मीटरच्या आसपास बांधकाम. ऐकायला छान.

पण प्लॉट समजा २० बाय २५ मीटर आहे आणि हे सगळं रचायला २० मीटर उंच जायचं ठरवलं. १५ मीटरच्या वर गेलात की बाजूची मोकळी जागा उंचीच्या एक पंचमांश, म्हणजे दोन्हीकडून चार-चार मीटर. वीसपैकी बारा उरले. अग्निशमनवाल्यांनी बंबासाठी सहा मीटर मागितले तर अजून कमी. त्यात व्यापारी वापराला जिना दीड मीटर रुंद, पायरी ३० सेंटीमीटर आणि उठाव १५, घरातला जिना तिथे चालत नाही, लिफ्ट, टॉयलेट. आणि मग पार्किंग. एका कारला २.५ बाय ५ मीटर, दुचाकीला १ बाय २, आणि ती आत-बाहेर करायला वाट वेगळी. पुण्यात ऑफिसात दहा माणसं असली तर आठ दुचाक्या असतात, त्या खाली मावल्या नाहीत की रस्त्यावर आणि रस्त्यावर आल्या की टोइंगची गाडी. छोट्या प्लॉटवर एफएसआय आधी संपत नाही, पार्किंग आधी संपतं. एजंटला विचारा, त्याच्या चार एफएसआयच्या गाड्या तो कुठे लावणार.

मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत असाल तर मात्र परत लिहा, तिथे टीओडीचे, म्हणजे मेट्रोभोवतीच्या विकासाचे वेगळे नियम लागतात आणि तिथे चार हा आकडा खराच आहे, अर्थात रस्ता आणि प्लॉट दोन्ही तेवढे मोठे असतील तर.

सदाशिव पेठेत बेसमेंट भाड्याने मिळतंय. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका टाकायचीये, ८० टेबलं बसतील. मालक म्हणतात फायर एनओसी मी आणून देतो. घेऊ का?

नको. एवढंच लिहून थांबणार होते, पण तुम्ही चांगल्या मनाने विचारलंय म्हणून.

बेसमेंट कशासाठी मंजूर होतं? पार्किंग, सामान ठेवायला, बँकेची स्ट्राँगरूम, एसीची, पंपाची यंत्रं, असं. माणसांनी तासन्‌तास बसायची जागा म्हणून नाही. मालक फायर एनओसी आणतील ती कशाची, हे वाचा. इमारतीच्या यंत्रणेची असेल तर तिने बेसमेंटची अभ्यासिका होत नाही.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी आलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ जुलैला, दिल्लीत राजेंद्रनगरच्या एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमध्ये पाणी भरून तीन मुलं गेली. तिथे खाली लायब्ररी होती, परवानगी होती पार्किंगची आणि सामान ठेवायची. आपल्याकडे आंबिल ओढ्याच्या पुराने सप्टेंबर २०१९ च्या एका रात्रीत काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना विचारा. तळघरात पाणी शिरतं तेव्हा दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडत नाही, आणि पहिली जाते ती लाइट. ८० टेबलं म्हणजे ८० पोरं, एक जिना.

पहिल्या मजल्यावर जागा बघा, थोडी कमी टेबलं बसतील. आणि जागा घेतलीत की महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली लायसन्सधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. ते काम मालकाचं की तुमचं हे करारात लिहून घ्या, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसता.

शनिवारवाड्याच्या मागे आमचं वडिलोपार्जित दुकान आहे, वर माडी. छप्पर गळतं. पाडून दोन मजली आरसीसी करायचं म्हणलं तर आर्किटेक्ट हात वर करतात. महापालिकेचा प्रॉब्लेम आहे का?

महापालिकेचा नाही, अंतराचा आहे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. पहिल्या शंभरात नवीन बांधकाम नाहीच. पाताळेश्वरच्या आजूबाजूलाही हेच, जंगली महाराज रोडवरच्या भल्याभल्यांना हे माहीत नसतं. अंतर वाड्याच्या बुरुजापासून नाही तर संरक्षित हद्दीपासून मोजतात, म्हणून आधी ते अधिकृत मोजून घ्या, कधीकधी पाच-दहा मीटरने माणूस सुटतो.

शंभराच्या आत असाल तर पाडू नका, काका. पाडलंत की परत बांधता येणार नाही. १६ जून १९९२ च्या आधीची इमारत असेल, तुमची असेलच, तर दुरुस्तीची परवानगी सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मागता येते. जुना मिळकतकराचा उतारा, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, आत्ताचे सगळ्या बाजूंचे फोटो, असं जमवा. गळकं छप्पर बदलणं ही दुरुस्ती आहे, तिच्या नावाखाली मजला वाढवायला जाऊ नका. आणि खरं सांगू, सागवानी तुळया शाबूत असतील तर त्या माडीचं दुकान नीट केलं तर आरसीसीच्या डब्यापेक्षा देखणं दिसेल. हे माझं मत, ते फुकट.

माझं डायग्नोस्टिक सेंटर आहे, दारात तीन पायऱ्या. वयस्कर पेशंटना खुर्चीसकट उचलून आणावं लागतं. उतार करायचाय, फॅब्रिकेटरने तीन फुटांचा लोखंडी रॅम्प सांगितलाय. चालेल?

तीन फुटांचा रॅम्प तीन पायऱ्यांना लावलात तर ती घसरगुंडी होईल. गणित सोपं आहे, एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या तीन, ४५ सेंटीमीटर. गुणिले बारा, ५.४ मीटर, जवळजवळ अठरा फूट. रुंदी १.८ मीटर, दोन्ही बाजूला ८० सेंटीमीटरवर कठडा, वर पोचल्यावर दारासमोर खुर्ची फिरवायला सपाट जागा, आणि दार स्वतः ९० सेंटीमीटर मोकळं. तुमच्या फॅब्रिकेटरचा रॅम्प साधारण एकास दोनचा होतोय, त्यावरून खुर्ची वर ढकलणारा माणूस पण पडेल.

अठरा फूट सरळ जागा नसेल तर मधे सपाट थांबा घेऊन वळवा, इंग्रजी यू सारखा. तो फुटपाथवर उतरवू नका, ही चूक सगळे करतात, स्वतःच्या पेशंटसाठी सोय आणि चालणाऱ्या बाकीच्यांना अडथळा. हद्दीत बसतच नसेल तर छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट बघा, किंवा बाजूचं दार वापरात आणता येतं का बघा, कधीकधी मागचं अंगण दारापेक्षा उंच असतं आणि तिथे एकच पायरी निघते. आतल्या टॉयलेटचंही बघून घ्या, १.५ बाय १.७५ मीटर, दार बाहेर उघडणारं. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी जागांनाही लागू आहे, पण तुम्ही कायद्यासाठी विचारलं नाहीत, पेशंटसाठी विचारलंत, म्हणून मोठं उत्तर दिलं.

कॅम्पात एमजी रोडजवळ दुकानाचा दर्शनी भाग बदलायचाय. युडीसीपीआरमध्ये काय म्हणलंय?

काहीच नाही, तुम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये आहात. तिथे कॅन्टोन्मेंट कायदा २००६ आणि बोर्डाचे स्वतःचे बायलॉज. जागा कुठल्या प्रकारची आहे, ओल्ड ग्रँट (जमीन सरकारची, वरचं बांधकाम तुमचं) की लीज, ते संरक्षण खात्याच्या जमीन नोंदवहीत बघा, मगच सुताराला बोलवा.

दुकानासमोरच्या झाडामुळे बोर्ड दिसत नाही. फांद्या तोडल्या तर चालेल? आणि बोर्ड इंग्रजी-मराठी दोन्हीत आहे.

स्वतः तोडू नका. १९७५ चा झाडांचा कायदा आहे, फांद्यांसाठीसुद्धा महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे अर्ज करावा लागतो, ते त्यांच्या पद्धतीने छाटतात. रात्री गुपचूप तोडणाऱ्यांचे फोटो आजकाल समोरच्या बाल्कनीतून निघतात.

बोर्डाचं म्हणाल तर मराठी देवनागरीत हवीच, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही ते लागू झालं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत लावा म्हणून सांगितलं. तुमच्या फोटोत इंग्रजी नाव दोन फुटी आहे आणि मराठी कोपऱ्यात, फोन नंबरच्या खाली. तेव्हा बोर्ड नवीन करायचाच आहे तर जरा खाली, झाडाच्या खोडाच्या उंचीला घ्या, फांद्यांच्या खालून दिसेल, आणि सावलीत गिऱ्हाईकही थांबेल.